बाराव्या मूर्तीचा डावा डोळा

पेण गावात शालनकाकू समेळांचं ज्याच्याशी एकदा तरी वाजलं नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. रंगवाल्याशी वाजलं, शेजारच्या कारखानदाराशी वाजलं, नगरपालिकेच्या तीन मुख्याधिकाऱ्यांशी तर ओळीने वाजलं. भांडायची राहिली होती ती एकच बाई, आणि तिच्याशी भांडायचा योग काकूंना चौऱ्याहत्तराव्या वर्षी आला. ती बाई म्हणजे खुद्द शालनकाकूच.

झालं असं, की एप्रिलमध्ये काकूंच्या हृदयाची एक झडप कुरकुरायला लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी ती बदलायची ठरवली, सोमवारची तारीख दिली आणि घाबरण्यासारखं काही नाही असंही सांगितलं. काकू घाबरल्या नाहीतच, कामाला लागल्या. दवाखान्याची पिशवी भरली, दूधवाल्याला पंधरा दिवस अर्धाच लिटर टाकायला सांगितलं, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून दहा वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र बाहेर काढलं.

ते वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली. गणपतींचा कारखाना, म्हणजे नवऱ्याच्या नावाचं ‘विश्राम कला केंद्र’, मुलगा सुजय याला. तिथवर ठीक होतं. पण पुढे एक वाक्य होतं: ‘माझी सून गौतमी हिला कारखान्यातला एक कुंचलाही मिळू नये.’

दहा वर्षांत सगळंच उलटंपालटं झालं होतं. सुजय आणि गौतमीचं पटलं नाही. आरडाओरडा न करता दोघं वेगळी झाली. सुजय पुण्याला जाऊन दातांचा डॉक्टर म्हणून स्थिरावला आणि त्याने दुसरं लग्न केलं. गौतमी मात्र राहिली. लोकांना वाटलं चार दिवस राहील, माहेरी जाईल. ती गेली नाही. शाडू मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे अशी सोळा माणसं आता तिच्या शब्दावर चालत होती. अख्ख्या गावात मूर्ती छापणारी यंत्रं आली, संध्याकाळी बटण दाबलं की सकाळी एका तोंडवळ्याचे चाळीस गणपती रांगेत उभे. काकूंच्या कारखान्यात अजून सगळं हातानेच व्हायचं, आणि तिथली गिऱ्हाइकं हलली नव्हती. ती कुणामुळे हलली नव्हती हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. फक्त त्या ते बोलत नव्हत्या.

कारखाना गौतमीला मिळायला हवा, हे त्यांनी त्याच बैठकीला ठरवलं. आणि ठरवल्यावर काकूंनी जे केलं ते फक्त मूर्तिकाराच्या घरचं माणूसच करू जाणे. त्यांनी मूर्तीला देतात तो पांढरा रंग घेतला, मृत्युपत्रातली ती दोन वाक्यं बेमालूम झाकून टाकली, रंग वाळू दिला, आणि बारीक कुंचल्याने वर मोत्यांसारख्या अक्षरांत लिहिलं, ‘कारखाना गौतमीला.’ खाली सही, तीही कुंचल्यानेच.

नीलिमा टिपणीस वकीलबाईंनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मागून पुढून पाहिला. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “काकू, हे काय करून ठेवलंत?”

काकूंना प्रश्नच कळेना. गणपतीचा डोळा चुकला तर कुणी गणपती मोडतं का? पांढरा हात मारायचा, वाळला की पुन्हा आखायचं. पन्नास वर्षं कारखान्यात त्या हेच बघत आल्या होत्या.

वकीलबाईंनी त्यांना शांतपणे समजावलं. मृत्युपत्र झाल्यावर मूळ कागदावर केलेली दुरुस्ती साक्षीदारांच्या सह्यांशिवाय धरली जात नाही, म्हणजे वर लिहिलेलं ‘गौतमीला’ फुकट. आणि खालचा मजकूर तर आता कुणाला वाचताच येत नाही, म्हणजे तोही गेला. कारखान्यापुरतं मृत्युपत्रच उरलं नाही. मग तो जाणार वारसाला, आणि वारस एकटा सुजय. घटस्फोट झालेली सून कायद्याने कुणीच नाही.

“म्हणजे मी रंगवलं नसतं तर सुजयला मिळाला असता, आणि रंगवलं तरी सुजयलाच?”

“अगदी तसंच. फक्त आता कागदही खराब झालाय.”

यावर उपाय होता, त्याला म्हणतात पुरवणी. मूळ मृत्युपत्राला हात लावायचा नाही, वेगळ्या कागदावर काय बदललं ते लिहायचं आणि दोन साक्षीदारांसमोर सही करायची. ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही. अर्ध्या तासाचं काम. “निदान पूर्वी तरी होतं,” वकीलबाई म्हणाल्या. “आता तुमचं वय सत्तरीच्या पुढे. तुम्हाला पूर्वसाक्ष लागणार.” हयातीतच बक्षीसपत्र करून दिलं तर, असं काकूंनी विचारून पाहिलं. त्यालाही तोच नियम होता.

पूर्वसाक्षीचं प्रकरण असं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या बदललेल्या मृत्युपत्रांवरून कोर्टात खटल्यांचे ढीग पडले होते, आणि सगळ्यांत भांडण एकच, बदल त्या माणसाने केला की कुणी त्याच्याकडून करवून घेतला? डॉक्टरचा दाखला माणूस शुद्धीवर आहे एवढंच सांगतो. त्याच्या डोक्यात विचार कुणाचा चाललाय, ते सांगत नाही. मग मेंदूच्या शास्त्रज्ञांनी आणि गणितवाल्यांनी मिळून एक तोड काढली. पहिलं मृत्युपत्र करतानाच माणसाला तीन तास एक टोपी घालून बसवायचं. टोपीच्या आत केसासारखे बारीक सातशे संवेदक. समोरून प्रश्न येत राहायचे, आणि टोपी नुसती उत्तरं टिपायची नाही, उत्तरापर्यंतची वाटही टिपायची. कुठे अडखळलात, कुठे शब्दाआधीच राग आला, कुठे तोंडाने ‘हो’ म्हणताना मन आधी ‘नाही’कडे जाऊन आलं. त्यावरून यंत्रात त्या माणसाची एक चालती प्रत तयार व्हायची. ती माणूस नव्हे. तिला भूक नाही, म्हातारपण नाही, आपण किती वर्षं पडून आहोत याचीही खबर नाही. पण नवा प्रश्न विचारला, तर त्या दिवशी त्या माणसाने जे उत्तर दिलं असतं, तेच ती शंभरात पंचाण्णव वेळा देते.

ही प्रत मोहोरबंद करून ठेवायची. पुढे मृत्युपत्र बदलायचं झालं, की माणसाने तिच्यासमोर बसायचं आणि तिला पटवायचं. शास्त्रज्ञांचं म्हणणं सोपं होतं, माणसाचं मन खरंच बदललेलं असेल तर त्याच्याकडे तसं कारण असणार, आणि ते कारण त्याच्या आधीच्या मनाला पटणार. पढवून आणलेल्या माणसाला हे जमत नाही, तो चार प्रश्नांत उघडा पडतो. तीन बैठका मिळायच्या. प्रत ‘पटलं’ म्हणाली की शिक्का. नाही म्हणाली तर फाइल जिल्हा न्यायालयात, आणि तिथे कमीत कमी दोन वर्षं.

काकूंकडे सोमवारपर्यंतचे दिवस होते.

टोपी त्यांना आठवत होती. डोकं तापलं होतं आणि प्रश्न आगाऊ होते. शेवटचा तर फारच. ‘तुम्ही कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट सांगा.’ काकूंनी रागारागाने काहीतरी सांगून टाकलं होतं. काय सांगितलं, ते आता आठवत नाही, असं त्यांनी वकीलबाईंना सांगितलं.

पहिली बैठक मंगळवारी, नोंदणी कचेरीच्या मागच्या खोलीत. तिथले साक्ष-निरीक्षक मोकल म्हणून एक शांत गृहस्थ होते. त्यांनी काकूंना ती टोपी घातली, वकीलबाईंना कोपऱ्यात बसवलं आणि गौतमीला बाहेरच्या बाकावर, कारण जिचा फायदा व्हायचा तिला आत बंदी. पडद्यावर चेहरा नव्हता, नुसती एक रेघ होती. मोकलांनी कळ दाबली आणि खोलीत काकूंचाच आवाज उमटला. दहा वर्षांनी तरुण, आणि दुप्पट खणखणीत.

“कोण बसलंय समोर?”

“मी. शालन.”

“बरी म्हातारी झालीयेस. आवाजाला धाप आहे. काय काम?”

काकूंनी काम सांगितलं. गौतमीचं नाव निघाल्याबरोबर पडद्यावरची रेघ अशी उसळली की मोकलांनी दचकून चष्मा वर केला. काकूंनी घरून कारणं पाठ करून आणली होती. गौतमी कष्टाळू आहे. यंत्रातली, दहा वर्षांमागची शालन म्हणाली, बैलही कष्टाळू असतो, त्याच्या नावावर कुणी शेत करत नाही. गौतमी नवऱ्याला सोडून कारखान्यात राहिली. मागची म्हणाली, कारखान्यासाठीच राहिली असेल, मग त्यात कौतुक कसलं? गौतमीने आजारपणात सेवा केली. हे ऐकून मागची शालन अगदी गोड झाली. तिने विचारलं, जेवण कोण वाढतं? गौतमी. औषधं कोण देतं? गौतमी. आज इथे कोण घेऊन आलं? काकू नाइलाजाने म्हणाल्या, गौतमी.

“ऐकलंत ना, साहेब?” आवाज मोकलांना म्हणाला. “लिहून घ्या. म्हातारीला गुंडाळलीय.”

काकूंचा पारा चढला. मग जे झालं, ते मोकलांनी नोकरीच्या अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन्हीकडून एकाच आवाजात, एकाच शब्दांत, एकमेकींची वाक्यं अर्ध्यातून तोडत असं काही भांडण जुंपलं की शेजारच्या खोलीतलं एक नवपरिणीत जोडपं लग्नाची नोंदणी अर्धवट टाकून दारात येऊन उभं राहिलं. शेवटी मोकलांनी दोघींनाही आवाज खाली घ्यायला सांगितलं. ‘बाई’ म्हणताना कुणाकडे बघावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी छताकडे बघितलं.

पहिल्या बैठकीचा निकाल, आक्षेप कायम.

त्या दिवशी घरी गेल्यावर काकूंनी सुजयला फोन लावला. मुलगा स्वभावाने निर्मळ होता. तो म्हणाला, “आई, मला कारखाना नको गं. पण माझ्या नावावर आला तर विकावाच लागेल, खोटं कशाला बोलू? गौतमीला देऊन टाकतो म्हटलं तर माझ्या घरात महाभारत होईल. तूच काय ते करून जा.” आणि लगेच जीभ चावून म्हणाला, “जा म्हणजे, तसं नाही गं.” काकूंनी त्याला दात घासून झोपायला सांगितलं.

गुरुवारची दुसरी बैठक आणखी वाईट गेली. या वेळी काकूंनी आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, आणि सूर लावला होता समजुतीचा. मागच्या शालनने तो सूर पहिल्याच वाक्याला ओळखला. म्हणाली, हा सूर आपण थकबाकीदार गिऱ्हाइकांशी लावतो, माझ्याशी कशाला? मग तिने तिची बाजू मांडली, आणि पंचाईत अशी की ती बाजू काकूंना शब्दन्‌शब्द पाठ होती.

त्या वर्षी विश्राम जाऊन चारच महिने झाले होते. गणपती तोंडावर आलेले. मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, त्याला आखणी म्हणतात, आधी विश्राम करायचा आणि तो गेल्यावर काकू करत होत्या. दुसऱ्या कुणाचा हात डोळ्यांना लागत नसे. विश्रामचा कुंचला देवघरात ठेवलेला होता, त्याला काकूसुद्धा शिवल्या नव्हत्या. आणि नेमक्या काकू तापाने फणफणल्या. बारा मूर्ती बिनडोळ्यांच्या, पहाटे टेम्पो येणार. तेव्हा या नव्या सुनेने, लग्नाला वर्ष झालं नव्हतं अशा पोरीने, कुणाला न विचारता देवघरातून तो कुंचला उचलला आणि डोळे आखले.

“माझ्या नवऱ्याचा कुंचला,” मागची शालन म्हणाली. तिचा आवाज आता खणखणीत नव्हता. “चार महिने झालेत त्याला जाऊन. अजून त्याच्या रंगाचा वास आहे त्या कुंचल्याला. आणि तू म्हणतेस, तिला सगळा कारखाना दे.”

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासाठी खरंच चारच महिने झाले होते. ती बिचारी दहा वर्षं त्याच आठवड्यात अडकून पडली होती, आणि तिला जाऊन जवळ घेता येईल असं काहीच पडद्यावर नव्हतं. त्या टोपी काढून उठल्या. आक्षेप कायम.

बाहेर वकीलबाई म्हणाल्या, “काकू, तुमची कारणं खोटी नाहीत. पण ती तुमच्या आजच्या कामाची आहेत, तिच्या कामाची नाहीत. तिला सेवा नकोय, कष्ट नकोत. तिला काय हवंय, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

शुक्रवारी दिवसभर काकू कारखान्यात खुर्ची टाकून बसल्या. गौतमी सात फुटी मूर्तीसमोर माचावर उभी राहून आखणी करत होती. ती कुंचला उचलण्याआधी तळहात साडीला पुसायची आणि श्वास रोखायची. विश्रामही तसाच रोखायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कारण विश्राम होता तेव्हा तिला या खोलीत यायचीही परवानगी नव्हती. काकूंनी हे दहा वर्षं पाहिलं होतं आणि दहा वर्षं दुसरीकडे पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही. आणि टोपीतल्या शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं, ते त्यांना आठवलं. खरं सांगायचं तर ते त्या कधी विसरल्याच नव्हत्या.

शनिवारी सकाळी शेवटची बैठक. मोकलांनी कळ दाबली.

“आलीस परत?” मागची शालन म्हणाली. “आज कोणता सूर?”

“कोणताच नाही. त्या बारा मूर्तींबद्दल बोलायचंय.”

“बोल.”

“तिने बारा नव्हत्या आखल्या. अकरा आखल्या. बाराव्या मूर्तीचा उजवा डोळा आखला आणि पोर तिथेच जमिनीवर झोपली, कुंचला हातात धरून. तू तापात उठून खाली गेलीस. दिवा लावलास. बघितलंस.”

रेघ स्थिर झाली. मोकल पुढे झुकले.

“तू तिच्या हातातला कुंचला सोडवलास,” काकू म्हणाल्या, “आणि डावा डोळा तू आखलास. तिच्या उजव्याशी जुळेना. पांढरा हात मारलास. पुन्हा आखलास, तरी जुळेना. तीनदा मारलास. बावीस वर्षांच्या पोरीच्या डोळ्याशी तुझा डोळा जुळेना, म्हणून तू चिडलीस. कुंचल्यासाठी नाही चिडलीस, शालन. कुंचल्याचं आपण लोकांना सांगितलं, हे फक्त टोपीला.”

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते, वीस, तीस, चाळीस. एवढा वेळ या यंत्राने आधी कधी घेतल्याचं मोकलांना आठवत नव्हतं.

“मूर्ती तर विसर्जनात विरघळली,” आवाज शेवटी म्हणाला. “तुला हे कुणी सांगितलं म्हणायलाही जागा नाही. तूच आहेस.”

“मीच आहे. आणि पुढचं ऐक, ते तुला माहीत नाही. पुढच्या वर्षी त्या बाराही घरची माणसं आली. म्हणाली, गेल्या वर्षीसारखेच डोळे हवेत, गणपती आमच्याकडे बघून हसत होता. आणि मी म्हटलं, बरं, तसेच आखून देते. मी तिचं नाव घेतलं नाही. आजतागायत घेतलं नाही. ती मागे बसून आखते आणि लोक मला नमस्कार करतात.”

“डोळे विश्रामसारखे होते ना?”

“हुबेहूब विश्रामसारखे.”

मागची शालन अगदी हळू बोलली. “हे तू तिला सांगितलंयस?”

“नाही.”

“मग तिला सांगून ये. मग बघू.”

काकूंनी मोकलांकडे पाहिलं. मोकलांनी नियमांची पुस्तिका चाळली. प्रतीने मध्येच माणसाला बाहेर पाठवू नये असं तिच्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी टोपीचा पट्टा सोडला.

गौतमी बाकावर बसून फोनवर रंगवाल्याला झापत होती. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या तशी तिने फोन बंद केला आणि घाबरून विचारलं, छातीत दुखतंय का? काकूंनी मानेनेच नाही म्हटलं. मग उभ्याउभ्याच, एका दमात, सगळं सांगून टाकलं. ताप, दिवा, डावा डोळा, तीन वेळा मारलेला पांढरा हात, पुढच्या वर्षीची बारा घरं. “तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून होता. मला ते सोसलं नाही. चुकलं माझं.”

गौतमी बाकावरून उठली. तिचे डोळे भरून आले होते, पण कपाळावर एक बारीक आठी होती, हिशेब लागत नसल्यासारखी.

“म्हणजे आई, तो डावा डोळा तुम्ही काढला होतात?”

“हो.”

“अगं बाई. मला दहा वर्षं वाटतंय, तो झोपेत मीच काढला. म्हणूनच म्हटलं, इतका कच्चा कसा झाला.”

“कच्चा?”

“थोडासा,” गौतमी म्हणाली. खोटं बोलायला ती अजून शिकली नव्हती.

काकूंचा राग नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. तिथे जरा थांबला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि झडप कुरकुरत असतानाही त्या भिंतीला टेकून इतक्या हसल्या की वकीलबाई पाण्याचा पेला घेऊन धावत बाहेर आल्या.

डोळे पुसत त्या पुन्हा आत जाऊन बसल्या. टोपी चढली.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, डावा डोळा कच्चा होता.”

रेघ जराशी हलली. “बुबुळ खाली गेलं होतं,” मागची शालन म्हणाली. “मला तेव्हाच दिसलं होतं. पण चौथ्यांदा पांढरा मारायला अंगात त्राण नव्हतं.” आणि पुढे म्हणाली, “खरं बोलते पोरगी. तोंडावर बोलते. पटलं मला. दे तिला कारखाना.”

मोकलांनी शिक्क्याची कळ दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात आवाज पुन्हा आला.

“आणि कुंचल्याचं काय लिहिलंयस?”

पुरवणीत कुंचल्याचा उल्लेखच नव्हता. कोपऱ्यातून वकीलबाई म्हणाल्या, एक ओळ वाढवता येईल. मागची शालन म्हणाली, “मेल्यावर कशाला? आजच दे.”

नियम असा होता की साक्ष पटली की ती प्रत कायमची बंद होते, तिचं काम संपतं. काही बोलायचं असेल तर बोलून घ्या, असं मोकलांनी काकूंना सांगितलं. आयुष्यभर भांडलेल्या माणसाला निरोप कसा द्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “बरी होतीस गं तू. जरा तापट.”

“आणि तू?”

“मी अजून आहे तशीच.”

“मग ठीक आहे,” आवाज म्हणाला आणि रेघ मावळली. काकूंनी तिला सांगितलं नाही, पण तिच्या जाण्याने त्यांना थोडं एकटं वाटलं.

पुरवणीवर त्यांनी दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्याआधी वकीलबाईंनी त्यांच्या पिशवीतला रंगाचा कुंचला काढून टेबलाच्या खणात टाकला आणि हातात साधं बॉलपेन दिलं. घरी आल्याआल्या काकूंनी देवघरातून विश्रामचा कुंचला घेतला आणि गौतमीच्या हातात ठेवला. गौतमी म्हणाली, तुम्ही दवाखान्यातून या, मग वापरते. काकू म्हणाल्या, माझी वाट बघत गिऱ्हाईक थांबणार आहे का? सोळाही माणसं कामं सोडून बघत होती. काकूंनी त्यांनाही सांगितलं, मोठ्याने, की इतकी वर्षं या घरातले डोळे कोण आखतंय. मळणारा म्हातारा जानू म्हणाला की ते सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी त्याला काम करायला सांगितलं.

सोमवारी झडप बदलली. मंगळवारी दुपारी काकूंना नीट शुद्ध आली, तेव्हा नळ्यांच्या जंजाळातून त्यांनी पहिल्यांदा फोन मागितला. गौतमीने एक फोटो पाठवला होता. शाडूचा हातभर उंचीचा गणपती, सोंडेला नुकताच रंग दिलेला. उजवा डोळा आखलेला होता, विश्रामच्या कुंचल्याने, आणि तो काकूंकडे बघून हसत होता. डावा कोरा होता, पांढरा स्वच्छ.

खाली लिहिलं होतं, ‘डावा तुमच्यासाठी ठेवलाय. या वेळी हव्या तितक्या वेळा पांढरा मारा, मी जागी आहे.’

काकूंनी फोन छातीवर उपडा ठेवला, तिथे नवी झडप शिस्तीत टिकटिकत होती, आणि नर्सला विचारलं, घरी कधी सोडणार?